कांस तुंबलेली तुम्ही पाहिली. पैसे खाताना पाहिलं का?

एका वाचकाने पाठवलेला मूळ प्रश्न बराच लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. बडोद्यात समा भागात राहणारे एक गृहस्थ आहेत, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी करतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं. तेव्हापासून ते मोबाईलवर आपल्या भागाचे व्हिडिओ काढून टाकतात आणि नऊ हजार लोक ते बघतात. या मे महिन्यात त्यांनी सोसायटीच्या मागची कांस (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या नाल्याला आमच्याकडे गुजरातीत कांस म्हणतात, आणि आम्ही मराठीतही तेच म्हणतो) गाळाने भरलेली दाखवली आणि शेवटी म्हटलं, "सफाईचे पैसे कॉन्ट्रॅक्टरने खाल्ले." लगेच कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा फोन आला, वकिलाची नोटीस पाठवतो म्हणून. वॉर्ड ऑफिसात साहेबांनी विचारलं, "तमे कोण? प्रेसवाळा छो?" आणि एका पेपरने तोच व्हिडिओ यांचं नाव न देता वापरला. त्यांचा सवाल असा: मी करतो ती पत्रकारिता आहे की टाइमपास? चालू ठेवू का?

माझं सांगायचं तर, जन्म दांडिया बाजारातला, शाळा मराठी आणि नोकरी एका गुजराती दैनिकात. अकरा वर्षं रिपोर्टिंग केलं, पंधरा वर्षं डेस्कवर काढली. डेस्कवर असताना वाचकांकडून येणारे फोटो आणि व्हिडिओ तपासायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे तुमच्यासारख्यांचं काम रोज माझ्या टेबलावर यायचं, आणि त्यातलं काय लावायचं, काय टाकून द्यायचं हे मी ठरवायचे. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. तुमचा व्हिडिओही मी तीनदा पाहिला.

तुम्ही तीन वेगळे प्रश्न एका पुडीत बांधलेत. मला हे करायचा हक्क आहे का, याला काही किंमत आहे का, आणि माझं चुकलं तर काय. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी पहिला प्रश्न टोचला म्हणून तुम्हाला तोच मोठा वाटतोय. मला तो सगळ्यात सोपा वाटतो, तेव्हा आधी तो उरकू.

हक्क आहे. डॉक्टरकीसारखा पत्रकारितेला परवाना लागत नाही. संविधानाच्या कलम १९(१)(क) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे ते नागरिकाला. वृत्तपत्रांचा तिथे वेगळा उल्लेखच नाही, आणि तो का नाही याचं उत्तर संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी दिलेलं आहे. वृत्तपत्र म्हणजे शेवटी नागरिकच, नागरिकाला नाहीत असे कुठलेही खास हक्क त्याला नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. कमाटी बागेत बाबासाहेबांनी संकल्प केला त्या संकल्प भूमीवरून आपण बडोदेकर जातयेत असतो, पण हे वाक्य आपल्यापैकी फारशा कुणाला माहीत नसतं. साहेबांनी पुन्हा विचारलं तर "रहेवासी छुं" एवढं सांगा. पैसे घेऊन प्रेसचं कार्ड देणारी पोर्टलं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. त्या कार्डाने कायद्यात काही बदलत नाही. सरकारच्या माहिती खात्याचं अधिस्वीकृतीपत्र ही वेगळी गोष्ट आहे, त्याने काही ठिकाणी प्रवेश सोपा होतो. त्यापलीकडे पोलिसांनी दोरी बांधली की ती पत्रकाराला आणि तुम्हाला सारखीच.

आता किंमत. हे जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लोक दोन्ही टोकांना जातात. माझे जुने सहकारी म्हणतात, ही मोबाईलवाली पोरं काय बातमीदारी करणार. आणि पोरं म्हणतात, पेपर मेले, आता आम्हीच.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान पडलं. ते खाली येताना जगाने जे पाहिलं, ते मेघाणीनगरमधल्या एका अल्पवयीन मुलाने गच्चीवरून मोबाईलवर टिपलेलं होतं. त्याला विमानं बघायची हौस, म्हणून फोन हातात होता. कुठल्याही पेपरचा फोटोग्राफर तिथे त्या क्षणी असणं शक्यच नव्हतं. अशा वेळी जो जागेवर असतो त्याला पर्याय नसतो. हे मी मान्य करते आणि माझ्या सहकाऱ्यांनाही सुनावते.

पुढे काय झालं तेही बघा. त्याच व्हिडिओवर दोन तासांत शेकडो तज्ज्ञ उगवले. फ्लॅप उघडले नव्हते, चाकं वर घेतली नाहीत, वैमानिकाची चूक, सगळं झालं. महिन्याभराने, १२ जुलैला, विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला. त्यात होतं की उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले. ते कसे गेले, हे त्या अहवालानेही ठरवलं नाही. हे गच्चीवरून दिसणारं नव्हतंच, त्यासाठी विमानातली रेकॉर्डिंगची पेटी उघडावी लागली. मुलाने काय झालं ते दाखवलं आणि तिथेच थांबला. बाकीच्यांनी का झालं ते सांगायला सुरुवात केली आणि तोंडघशी पडले. शिवाय त्या पोराला पोलिसांनी साक्षीदार म्हणून जबाबाला बोलावलं, तर बाहेर बोंब उठली की त्याला अटक झाली. पोलिसांना खुलासा करावा लागला. साक्षीदार होणं फुकट पडत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. ९ जुलै २०२५ ला सकाळी पादरा तालुक्यात मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला. किमान वीस माणसं गेली. पूल १९८५ चा. तुटलेल्या टोकावर लटकलेला टँकर तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, सगळ्या देशाने तो फोटो पाहिला. पण माझ्या मते त्या प्रकरणातली नागरिकाची खरी कामगिरी वेगळीच होती. मुजपूरच्या बाजूच्या एका जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ मध्येच लेखी कळवलं होतं की पूल धोकादायक झालाय, वाहतूक थांबवा. ते पत्र पूल पडल्यावर सगळ्यांना आठवलं. टँकरचा फोटो लाखो लोकांनी पाहिला आणि त्याने काही वाचलं नाही. पत्र कुणी पाहिलं नाही, आणि वाचवायची ताकद असली तर त्याच्यात होती. आमच्या धंद्याला याची लाज वाटायला हवी, मला वाटते. तेव्हा त्या पत्राची चार ओळींची बातमी झाली असती तर पाठपुरावा झाला असता, निदान कुणाला तरी फायलीवर सही करताना हात आखडता घ्यावासा वाटला असता.

म्हणून किंमतीचा प्रश्न आला की व्हिडिओ किती जणांनी बघितला हे मी शेवटी बघते. आधी बघते की हा माणूस त्या जागेवर परत गेला का.

एका काकांची गोष्ट सांगते. तुमच्याच बाजूचे, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. २००५ च्या पुरात त्यांच्या जिन्यात पाणी आलं, तेव्हा त्यांनी भिंतीवर गेरूने एक रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. २०१४ ला दुसरी, २०१९ ला तिसरी. त्याबरोबर एक खिशातली डायरी: किती वाजता कुठल्या पायरीला पाणी लागलं, आणि त्या वेळी रेडिओवर किंवा टीव्हीवर काळा घोडा पुलाखालची पातळी किती सांगत होते. ३१ जुलै २०१९ च्या रात्री, शहरात चोवीस तासांत वीस इंच पडला तेव्हा, ते मला डेस्कवर फोन करून सांगत होते. "ताई, चौथी पायरी, साडेनऊ." "ताई, पाचवी, अकराला पाच कमी." बाकी काही नाही. हे भयंकर आहे, प्रशासन झोपलंय, यातलं एक अक्षर नाही. मी शेजारी महापालिकेचे आकडे मांडत होते. धोक्याची पातळी २६ फूट, ती तर सगळ्यांनाच पाठ असते. पण त्या २६ चा अर्थ समात काय आणि वडसरला काय, हे आम्हाला काकांच्या पायऱ्यांवरून कळायला लागलं. पुलाखाली अमुक फूट झालं की इतक्या वेळाने यांच्या फाटकात पाणी. पुढे त्यांच्या सोसायटीतल्या लोकांना गाड्यांच्या विम्याचे दावे करताना ती डायरी उपयोगी पडली, कारण विमावाल्याला पाणी किती वाजता आणि किती आलं ते पाहिजे असतं आणि बाकी सगळे "बहु पाणी हतुं" एवढंच सांगत होते.

काकांनी आयुष्यात स्वतःला पत्रकार म्हणवून घेतलं नाही. पण माझ्या सव्वीस वर्षांत त्यांच्याइतका भरवशाचा बातमीदार मला मिळाला नाही, आणि हे मी पगारी बातमीदार धरून सांगतेय.

आता तुमच्या कांसेकडे येते.

तुमच्या व्हिडिओत दोन मिनिटं चाळीस सेकंदं जे आहे ते उत्तम आहे. गाळ कुठवर आलाय हे दाखवायला तुम्ही बांबू घातलात, ते मला फार आवडलं. शेवटची सहा सेकंदं मात्र तुम्ही जे पाहिलं त्याच्याबद्दल नाहीत. कांस भरलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं. पैसे खाल्ले हा तुमचा तर्क होता. तो बरोबरही असेल. पण तुम्ही दोन्ही एकाच आवाजात, एकाच दमात बोललात आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच खरे वाटले.

हे इतक्या ठामपणे सांगते कारण हीच माती मी खाल्लेली आहे. रिपोर्टर असताना शहराच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक कांस तुंबलेली पाहिली, रहिवासी म्हणाले यंदा कुणी फिरकलंच नाही, आणि मी तसं लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर ऑफिसात आला, भांडायला नाही, फोटोंचं पाकीट घेऊन. एप्रिलमध्ये मशीन लावून कांस उपसली होती, तारखेसकट फोटो होते. मी पुन्हा जागेवर गेले, या वेळी त्याला बरोबर घेऊन. तेव्हा दिसलं ते असं: गाळ काढला होता, पण काठावरच ढीग घातला होता. उचलून नेण्याचं काम दुसऱ्या कंत्राटात होतं आणि ते कंत्राट सुटलंच नव्हतं. जूनच्या पहिल्या दोन सरींत काठावरचा गाळ परत आत. म्हणजे रहिवासी खोटं बोलत नव्हते आणि सुपरवायझरही खोटं बोलत नव्हता. चूक माझी होती. मी एका बाजूला विचारून दुसरीला विचारलं नव्हतं. आम्ही खुलासा छापला, पहिली बातमी जिथे होती त्याच पानावर, आणि दोन दिवसांनी खरी बातमी केली. ती पहिलीपेक्षा कितीतरी जड होती, कारण त्यात एक कंत्राट न सुटल्यामुळे दुसऱ्याचे पैसे पाण्यात कसे गेले ते कागदांनिशी होतं.

माझ्या पाठीशी संपादक होते, खुलासा छापायला जागा होती, महिन्याचा पगार चालू होता. तुमच्या पाठीशी कोण आहे? नागरिक पत्रकारितेची माझ्या लेखी खरी मर्यादा इथे आहे. कॅमेरा, भाषा, शिक्षण यांचा प्रश्न नाही. बोलण्याआधी कुणी तरी दुसऱ्याने "थांब, हे तुला कसं कळलं?" असं विचारायची सोय नाही, आणि चुकल्यावर बरोबर उभं राहणारं कुणी नाही. हे प्रयोग जिथे जिथे टिकले तिथे ही सोय होती. दक्षिण कोरियात २००० साली 'ओहमायन्यूज' सुरू झालं ते 'प्रत्येक नागरिक बातमीदार' असं म्हणत, पण नागरिकांनी पाठवलेला मजकूर पगारी संपादक तपासत होते. छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वरा'वर आदिवासी गावकरी फोन करून स्वतःच्या भाषेत तक्रार नोंदवू लागले, तिथेही ऐकून, शहानिशा करूनच ती पुढे जायची. नागरिकाने एकट्यानेच सगळं करावं असा त्यांच्यापैकी कुणाचाही आग्रह नव्हता.

तेव्हा तुम्हीही ती सोय करा. दोन माणसं शोधा, शक्यतो तुमच्याशी वाद घालणारी. बायको चालेल (माझ्या घरी नवऱ्याने हे काम चोख केलं). व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना दाखवा आणि प्रत्येक वाक्याला विचारायला सांगा: पाहिलं, ऐकलं, की वाटलं? वाटलं असेल तर एक तर "मला वाटतं" म्हणा, नाही तर काढून टाका.

कांसेच्या बाबतीत "का" शोधायचं असेल तर रस्ता कंटाळवाणा आहे पण आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. "भ्रष्टाचार झाला का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर येत नसतं. कागद मागा: त्या कांसेच्या सफाईची वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकातल्या नोंदींची प्रत, दिलेलं बिल, आणि गाळ उचलला असेल तर तो वजनकाट्यावर तोलल्याच्या पावत्या. मेजरमेंट बुकात किती मीटर लांबी आणि किती खोली उपसली ते लिहावं लागतं. तुमच्या बांबूचं माप आणि ते माप शेजारी शेजारी ठेवा. मग पैसे कुणी खाल्ले हे तुम्हाला तोंडाने म्हणायची पाळीच येणार नाही. आणि हो, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला स्वतः फोन लावा, त्याचं म्हणणं घ्या, तो बोलला नाही तर "बोलायला नकार दिला" हे सांगा. धमकी द्यायला त्याने फोन केला, म्हणजे नंबर तर तुमच्याकडे आलाच आहे.

नोटिशीचं काय, असं विचाराल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. गोष्ट खरी असून ती लोकहितासाठी सांगितली असेल तर बचाव आहे, पण दोन्ही दाखवावं लागतं, आणि "पैसे खाल्ले" हे आज तुम्ही दाखवू शकत नाही. माझा सल्ला: तेवढी सहा सेकंदं काढा आणि वर स्पष्ट लिहा की हा भाग पुराव्याशिवाय होता म्हणून काढला. गुपचूप कापू नका. बाकीचा व्हिडिओ जसाच्या तसा राहू द्या, त्याला कुणी हात लावू शकत नाही. खरोखर नोटीस आली तर मात्र वकील गाठा, माझ्या या उत्तरावर विसंबू नका.

मर्यादांमधली दुसरी गोष्ट इथल्या प्रत्येक पुरात अनुभवाला येते. मगर! विश्वामित्रीत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीत येतात, हे खरंच आहे. २०१९ ला रस्त्यावरच्या पाण्यात मगर कुत्र्यावर झडप घालते तो व्हिडिओ खरा होता, २०२४ ला अकोट्याकडे घराच्या छपरावर बसलेली मगरही खरी होती. आणि म्हणूनच खोट्याला इथे फार बरं जमतं. २०२४ च्या पुरात मला ओळखीच्यांकडून मगरींचे जे व्हिडिओ आले, त्यातल्या एकात मागे दुकानाची पाटी होती, तिच्यावरची लिपी गुजराती नव्हती, देवनागरीही नव्हती. पाठवणारी माझी सख्खी मावसबहीण, बी.एससी. "अगं पण मगर आहे ना!" म्हणाली. त्यावर काय बोलणार.

खऱ्या दृश्याचाही अर्थ चुकतो. त्याच पुरानंतर दोन तरुण स्कूटरवर आडवी मगर घेऊन चाललेत असा व्हिडिओ देशभर फिरला. लोकांनी त्यांना वेडे ठरवलं, चोर ठरवलं. ते मगर वनखात्याच्या ऑफिसात पोचवायला निघाले होते. व्हिडिओ शंभर टक्के खरा, फक्त ते कुठून कुठे चाललेत हे त्यात नव्हतं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं उदाहरण झालं. हसण्यावारी न नेण्यासारखंही तुम्हाला ठाऊक आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच्या चार-पाच दिवस आधी अहमदाबादेत अशाच अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या एका बाईचा जीव गेला होता. त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीचा तुकडा होता, शेवटचा खुलासा कापलेला. तुमच्याकडे नऊ हजार माणसं आहेत. राईनपाड्यात एवढीही लागली नव्हती.

त्यामुळे काही गोष्टींत मी तडजोड करत नाही. लहान मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत, आणि गुन्ह्यात, मग आरोपी म्हणून असो की पीडित म्हणून, मूल असेल तर नाव, शाळा, गल्ली काहीही नाही. लैंगिक अत्याचारात पीडितेची ओळख पटेल असं काही सांगणं हाच गुन्हा आहे. अपघातात आधी १०८ आणि मग कॅमेरा. जमावाने कुणाला धरलेलं असेल तर त्याचा चेहरा दाखवून "हाच तो" म्हणायचं नाही, मग तो खरोखर चोर का असेना.

तांत्रिक बाजू उरकते. व्हिडिओची सुरुवात ओळखू येणाऱ्या खुणेपासून करा, देऊळ, विजेचा खांब, दुकानाची पाटी, आणि न थांबता तिथून तुमच्या विषयापर्यंत या. तोंडाने तारीख, वेळ, जागा बोला. मूळ फाइल कधीही पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की व्हिडिओ चेपला जातो आणि त्याच्या पोटातली वेळ-ठिकाणाची माहिती जाते, म्हणून दुसऱ्याला देताना डॉक्युमेंट म्हणून द्या. उद्या कोर्टात लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाइल जपलेली नसेल तर तिथे अडचण होते. पेपरने नाव न देता वापरल्याबद्दल: व्हिडिओवरचा हक्क तुमचाच आहे. चालू घडामोडीच्या वार्तांकनासाठी वापर केला असा बचाव ते करू शकतात, पण नाव द्यायला त्यांना काय झालं होतं? संपादकांना पत्र लिहा, मूळ फाइलची तारीख द्या. आमच्याकडे अशी पत्रं आली की आम्ही वरमायचो आणि दुसऱ्या वेळी नाव द्यायचो. भांडण करून तोडू मात्र नका, कारण "का" शोधायला तुम्हाला त्यांचा एखादा बातमीदार लागणार आहे आणि जागेवरची नजर म्हणून त्याला तुम्ही.

आता चालू ठेवू का, याचं उत्तर. हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात कमावणारे तुम्ही एकटे आहात की नाही, सोसायटीत भाड्याने राहता की स्वतःचं घर आहे, कंपनीत साहेब कसा आहे, मला माहीत नाही. यातलं प्रत्येक महत्त्वाचं आहे, कारण दबाव येतो तो कोर्टातून क्वचित आणि घरमालकाकडून फार लवकर. पण नोकरी सोडून हे करू नका, एवढं परिस्थिती न बघताही सांगते. नऊ हजार माणसांवर घर चालत नाही, आणि चालवायला गेलात की पहिली जाहिरात एखाद्या बिल्डरची येईल. आमच्या ओळखीतला एक मुलगा रस्त्यांचे खड्डे फार छान दाखवायचा. वर्षभराने त्याच्या पानावर फ्लॅटच्या स्कीमचे व्हिडिओ यायला लागले, आणि त्या स्कीमसमोरचा खड्डा कधी आलाच नाही. मुलगा वाईट नव्हता, कर्जाचे हप्ते होते.

नोकरी ठेवा आणि विषय लहान करा. सगळं समा नको. ती एक कांस घ्या, तिच्यावरच्या तीन जागा ठरवा, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच तीन जागी, त्याच कोनातून, तोच बांबू घालून व्हिडिओ काढा. बांबूवर फुटाच्या खुणा रंगवून घ्या. लोक कंटाळतील, नऊ हजारांतले दोन हजार कमी होतील. पावसाळ्याआधी बारा महिन्यांचे छत्तीस तुकडे एकामागे एक लावाल तेव्हा वॉर्ड ऑफिसातले साहेब तुम्ही कोण हे विचारणार नाहीत.

जाता जाता, त्या काकांचं राहिलं. २०२४ ची चौथी रेघ त्यांनी स्वतः मारली, वय ८१, नातवाने खांद्याला धरलं होतं, कारण ती रेघ आधीच्या तिन्हींच्या वर होती. पुढच्या वर्षी दिवाळीआधी सोसायटीने जिना रंगवून घेतला, क्रीम कलर. रंगाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काका फोनवर म्हणाले, "वांधो नहीं ताई, डायरी आहे." माझ्याकडे चारही रेघांचे फोटो आहेत, टेप लावून काढलेले, तळापासूनची उंची दिसते. तुमची कांस त्यांच्या सोसायटीच्या अंगानेच जाते असा माझा अंदाज आहे. हवे असतील तर कळवा, मूळ फाइल पाठवते, डॉक्युमेंट म्हणून.